खुलासा : मायक्रोफायबरची फडकी उकळू नका, कंडिशनरही घालू नका

जळगाव-भुसावळकडच्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘मायक्रोफायबरची सगळी फडकी एकत्र उकळत्या पाण्यात टाका, वरून कंडिशनर घाला, नव्यासारखी मऊ होतील.’ भाऊ, हे चूक आहे. गाड्या धुण्याचंच माझं काम आहे, म्हणून कळकळीने लिहितोय.

मायक्रोफायबर म्हणजे सुती कापड नव्हे. ते पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचं (म्हणजे नायलॉनचं), बहुतेक वेळा 80-20 किंवा 70-30 प्रमाणात. त्याचे बारीक चिरलेले धागे पाणी ओढतात, धूळ धरतात. कंडिशनरचा थर या धाग्यांवर बसतो. मग फडकं हाताला मऊ लागतं खरं, पण काचेवर फिरवलं की पाणी टिपत नाही, ओघळ तसेच राहतात. उकळत्या पाण्याने धागे कडक होतात. ब्लीचही नको.

‘एकत्र’ हा शब्द तर सगळ्यात घातक. चाकं पुसलेल्या फडक्यात ब्रेकची काळी, लोखंडाचे कण असलेली भुकटी असते. तेच बॉनेटवर फिरलं की उन्हात जाळ्यासारखे ओरखडे दिसतात. गाडीच्या रंगाची, काचेची, चाकांची फडकी वेगवेगळी ठेवा. कुठल्या कामाला कुठल्या रंगाचं फडकं, ते ठरवून घ्या. सुती कपड्यांसोबत तर मुळीच नको, त्यांचा कापूस चिकटतो.

कोमट पाणी, थोडं लिक्विड डिटर्जंट, दोनदा खळबळणं, सावलीत वाळवणं. फडकं जमिनीवर पडलं तर ते त्या दिवशी रंगावर वापरू नका. आपल्या काळ्या मातीतही बारीक खडे असतात.