ई-टू-ओ 'पेट्रोलवाल्यांनी मारली' म्हणे! जरा थांबा की

परवापासून माझ्या तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. आधी शाळेच्या ग्रुपवर आला, मग सोसायटीच्या, आणि काल रात्री तर आमच्या आप्पांनी फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली "डोळे उघडा" असं लिहून. मेसेज थोडक्यात असा: महिंद्राने २०१३ ला ई-टू-ओ नावाची छोटी इलेक्ट्रिक गाडी काढली होती, साठ पैशात किलोमीटर पळायची, लोकांच्या उड्या पडत होत्या, मग पेट्रोल लॉबी घाबरली, सरकारला हाताशी धरून सेफ्टीचे नियम आणले आणि गाडी बंद पाडली, होत्या तेवढ्या गाड्या गोळा करून चिरडल्या, आणि आता आपल्या माथी वीस-वीस लाखाच्या गाड्या मारतायत. शेवटी फोडणी म्हणून "चीनमध्ये हीच गाडी तीन लाखात मिळते".

एरवी मी असल्या मेसेजला हात जोडून पुढं जातो. पण ही गाडी आमच्या घरात होती हो. म्हणजे दाजींची. २०१७ ला त्यांनी पुण्यात सेकंडहँड घेतली, दोन दाराची, आणि बदली सोलापूरला झाली तेव्हा ती ट्रकवर चढवून आणली, कारण अडीचशे किलोमीटर चालवत आणायची तर भिगवणला एक मुक्काम आणि टेंभुर्णीला दुसरा. त्यामुळं ह्या विषयावर मला बोलायचा थोडा हक्क आहे असं समजून लिहितोय.

"लोकांच्या उड्या पडत होत्या."

कुठं पडत होत्या? मार्च २०१३ मध्ये दिल्लीत लाँच झाली तेव्हा तिथली ऑन-रोड किंमत ५ लाख ९६ हजार, आणि ती पण दिल्ली सरकारने सूट दिली म्हणून, बाकी शहरांत त्याच्याहून महाग. केंद्राची जी सबसिडी होती ती मार्च २०१२ लाच संपलेली आणि पुढची फेम नावाची स्कीम यायला एप्रिल २०१५ उजाडलं, म्हणजे पाहुणा नेमका दोन पंगतींच्या मधे येऊन उभा. त्याच काळात ऑल्टो ८०० अडीच लाखापासून सुरू होती. सहा लाखात माणूस स्विफ्ट बघतो का दोन दाराची गाडी बघतो, सांगा बे तुम्हीच. मागच्या सीटवर बसायचं तर पुढची सीट पाडून वाकून घुसावं लागायचं, आमच्या आईने एकदाच प्रयत्न केला, त्यानंतर "मी रिक्षाने येते" हे ठरलेलं उत्तर. चार दाराची ई-टू-ओ प्लस आली ती थेट ऑक्टोबर २०१६ मध्ये, साडेतीन वर्षांनी, तोवर लोकांनी मनात जे ठरवायचं ते ठरवून टाकलं होतं.

किंमत दुखतेय हे कंपनीला कळत नव्हतं असं नाही. २०१४ मध्ये त्यांनी बॅटरीचे पैसे वेगळे काढून महिन्याला २,५९९ रुपये असे पाच वर्षं घ्यायचे आणि गाडीची किंमत पाच लाखाच्या आत आणायची अशी स्कीम काढली. आज एमजी कॉमेट ह्या छोट्या इलेक्ट्रिक गाडीला बॅटरीचे पैसे किलोमीटरवर घेतात तेव्हा सगळे काय आयडिया म्हणतात, ती आयडिया दहा वर्षं आधी इथंच येऊन गेली आणि कुणी ढुंकून बघितलं नाही. त्याच्याही आधीची रेवा ही छोटी इलेक्ट्रिक गाडी घ्या, बंगळूरच्या चेतन मैनींची, २००१ ला आली, पुढच्या दहाएक वर्षांत सगळ्या जगात मिळून चारेक हजार गाड्या गेल्या. २०१० ला महिंद्राने ती कंपनी घेतली ती ह्याच आशेवर की आता तरी खप वाढेल.

"साठ पैशात किलोमीटर."

कागदावर खोटं नाही. साधारण दहा युनिटची बॅटरी, कंपनी म्हणते शंभर किलोमीटर, युनिट सहा रुपये धरलं की झाले साठ पैसे. पण आपल्याकडं मे महिन्यात दुपारी त्रेचाळीस डिग्रीत एसी लावून गाडी काढली की ते शंभर किलोमीटर ऐंशीच्याही खाली येतात, चार्जरमध्ये थोडी वीज वाया जाते ती वेगळी, आणि घरचं बिल शंभर युनिटच्या वर गेलं की पुढचं युनिट सहा रुपयाला कुणी देत नाही. रुपया-सव्वा रुपया धरा. तरी पण स्वस्तच, मान्य. पेट्रोलच्या छोट्या गाडीला तेव्हा चार रुपये किलोमीटर पडायचे, म्हणजे किलोमीटरमागं तीन रुपये वाचले. आता दोन गाड्यांच्या किमतीत फरक तीन लाखाचा, तो भरून काढायला एक लाख किलोमीटर चालवायला पाहिजे. जुळे सोलापूर ते नवी पेठ आणि परत, मधे एखादी चक्कर अशोक चौकात, असं रोजचं पंचवीस किलोमीटर धरलं तर वर्षाला नऊ हजार. म्हणजे अकरा वर्षं! तोवर बॅटरी तरी ती राहणार का. हा हिशोब मेसेज लिहिणाऱ्याने केलेला नाही, पण २०१३ ला शोरूममध्ये गेलेल्या प्रत्येक माणसाने मनात केला होता, आपण मराठी माणसं असले हिशोब चहा येईपर्यंत करतो.

दाजींना सेकंडहँड मिळाली म्हणून त्यांचं गणित जमलं. गावात फिरायला खरंच झकास होती ती, सात रस्त्याच्या गर्दीत कुठंही घुसायची, गिअर नाही, आवाज नाही, आणि वरचं सगळं अंग प्लास्टिकचं, रंग त्या प्लास्टिकमध्येच मिसळलेला, त्यामुळं कुणी घासून गेलं तरी गंज नाही. पण एकदा आम्ही अक्कलकोटला गेलो तिच्यात. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, म्हणजे अगदी काठावर, म्हणून दाजींनी आधीच ठरवलेलं की दर्शन घ्यायचं, आत्याकडं जेवायचं, तोवर गाडी तिथंच चार्जिंगला. खिडकीतून वायर बाहेर काढली, स्वयंपाकघरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटमध्ये पिन घातली, पंधरा मिनिटं बघत उभे राहिले दाजी, मग जेवायला बसले. जेवून, डुलकी काढून साडेतीनला बाहेर येऊन बघतो तर गाडीचा काटा जिथल्या तिथं. चार दिवसांनी नळाला पाणी आलं होतं, आत्याने पिन काढून मोटर लावली होती! आणि तिला रागवणार कसं, टाकी भरणं महत्त्वाचं का तुमची गाडी. मग रात्री नऊला निघालो, एसी बंद, खिडक्या उघड्या, दाजी पूर्ण रस्ता पन्नासच्या वर गेले नाहीत, मागून उसाचे ट्रॅक्टर हॉर्न देत होते.

"सेफ्टीचे नियम म्हणजे निमित्त."

हा सगळ्यात चिकट मुद्दा, कारण अर्धा खरा आहे. २०१९ मध्ये गाडी गुपचूप बंद झाली आणि त्याला नवे सेफ्टी नियम कारण होते, हे बरोबर. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक कारला ड्रायव्हरची एअरबॅग, बेल्टचा पिकपिक आवाज, वेगाची सूचना, मागं घेताना सेन्सर हे सक्तीचं झालं, आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेललाही समोरून आणि बाजूने धडकेची टेस्ट पास होणं भाग होतं. ई-टू-ओचा सांगाडा लोखंडी नळ्यांचा, त्यावर प्लास्टिकचे पॅनल. ती टेस्टमध्ये बसवायची तर खालून-वरून पुन्हा डिझाइन करावी लागली असती, आणि महिन्याला मोजक्या गाड्या खपत असताना त्यात पैसा कोण ओतेल.

पण नियम फक्त तिच्यासाठी आणले हे मात्र साफ खोटं. ह्याच नियमांनी मारुतीची ओम्नी गेली की! आख्ख्या सोलापूरची पोरं जिच्यात कोंबून शाळेत गेली ती ओम्नी, पेट्रोल-गॅसवर चालणारी, आणि ई-टू-ओपेक्षा कितीतरी जास्त खपणारी. जिप्सी पण त्याच वर्षी गेली. पेट्रोल लॉबीने स्वतःच्याच गिऱ्हाईकांवर कुऱ्हाड चालवली म्हणायची का मग? आणि सरकार लॉबीच्या खिशात होतं तर त्याच ऑगस्ट २०१९ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर कशाला आणला असता.

सरकारला शिव्या घालायच्याच असतील तर योग्य जागी घाला. एप्रिल २०१९ ला फेमचा दुसरा टप्पा आला, दहा हजार कोटींचा, त्यात बस होत्या, रिक्षा होत्या, टू-व्हीलर होत्या, टॅक्सीसाठीच्या कार होत्या, पण तुम्ही-आम्ही घरासाठी कार घेतली तर सबसिडी शून्य. स्वस्त छोट्या इलेक्ट्रिक कारला खरा दणका बसला तो इथं, आणि मेसेजमध्ये ह्याचा एक शब्द नाही, कारण त्यात व्हिलन दिसत नाही.

"गाड्या गोळा करून चिरडल्या."

ही गोष्ट चोरलेली आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सची ईव्ही-१ होती, १९९६ ते १९९९ मध्ये हजार-अकराशे बनवल्या, विकल्या नाहीत, नुसत्या भाड्याने दिल्या, आणि पुढं परत घेऊन बहुतेक चिरडल्या. तिथं तेल कंपन्यांवर संशय घ्यायला जागा होती. कुणीतरी ती गोष्ट उचलून महिंद्राच्या गाडीला चिकटवली. ई-टू-ओ लोकांनी स्वतःच्या नावावर घेतलेल्या होत्या, त्या कोण गोळा करणार? कंपनीने ई-टू-ओ बंद केल्यानंतरही दाजींची गाडी दोन वर्षं आमच्या पार्किंगमध्ये उभी होती, कुणी न्यायला आलं नाही, उलट आलं असतं तर ताईने चहा पाजून किल्ली दिली असती.

आणि खरोखर खप असताना बंद केलेली छोटी इलेक्ट्रिक गाडी पाहिजे तर ती पण अमेरिकेतली आहे, शेवरोले बोल्ट. एप्रिल २०२३ मध्ये बंद करणार असं जाहीर केलं आणि त्याच वर्षी तिथं ६२ हजार विकल्या गेल्या, तिचा सगळ्यात जास्त खप. कारण काय, तर तिचा कारखाना मोठ्या इलेक्ट्रिक पिकअपसाठी पाहिजे होता, मोठ्या गाडीत पैसा जास्त सुटतो. लोकांनी बोंब मारली, तीनच महिन्यांत कंपनीने नवी बोल्ट आणतो म्हणून सांगितलं. त्यामुळं "मोठ्या गाड्या माथी मारतायत" ह्या वाक्याशी माझं भांडण नाही. महिंद्राने पण इलेक्ट्रिकमध्ये पुढं एसयूव्हीच काढल्या, बीई ६ सुरू झाली तीच जवळपास एकोणीस लाखापासून. पण त्याला लॉबी कशाला लागते हो, आपला नफा कुठं आहे ते कुठल्याही दुकानदाराला कळतं.

"चीनमध्ये तीन लाखात."

ती म्हणजे वुलिंग ह्या तिथल्या कंपनीची मिनी ईव्ही, जुलै २०२० मध्ये २८,८०० युआनला आली, आपले तीन लाख. बरोबर आहे. पण त्या बेस मॉडेलला एअरबॅग नव्हती, म्हणजे आपल्याकडं जुलै २०१९ नंतर ती विकताच आली नसती. तिच्याच घराण्यातली एक गाडी आपल्याकडच्या नियमात बसवून २०२३ ला आली, तीच ही कॉमेट, तेव्हा किंमत ७ लाख ९८ हजारापासून. टाटाची टियागो ईव्ही त्याच्या आधी, २०२२ ला, साडेआठ लाखापासून. म्हणजे छोटी इलेक्ट्रिक गाडी संपलेली नाही, स्वस्त मात्र अजून झालेली नाही. आणि सप्टेंबर २०२५ ला छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यावर ऑल्टो आणखी खाली गेली, तेव्हा दोघींमधलं अंतर परत वाढलं.

दाजींनी गाडी २०२१ ला पुण्याच्याच एका माणसाला विकली. जशी आली तशीच ट्रकवर चढून गेली. तिच्यासाठी पार्किंगमध्ये जे १५ अँपिअरचं सॉकेट बसवलं होतं, ज्यासाठी सोसायटीच्या तीन मिटिंगा झाल्या आणि वायरमनने पहिल्यांदा बारीक वायर घातल्यामुळं ते एकदा वितळलं पण होतं, त्याला आता पाण्याची मोटर लावलीय. आप्पांना हे सगळं पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, "ते ठीक आहे पण तू सेकंडहँड कितीला म्हणालास?"