फ्रीमेसनांचे गुपित आणि परमहंस सभेचा पाव

मुंबईच्या फोर्ट भागात स्टर्लिंग सिनेमाजवळ 'फ्रीमेसन्स हॉल' नावाची एक जुनी इमारत आहे; बंद दाराआड विधी करणाऱ्या फ्रीमेसन, किंवा नुसते मेसन, या बंधुमंडळाची ती जागा. माझ्या नोकरीची पहिली नऊ वर्षे त्याच परिसरात गेली. दुपारच्या सुट्टीत तिथून जाताना आमच्या कार्यालयातील एक वयस्क शिपाई तिला न चुकता 'जादूघर' म्हणत असे, आणि आत रात्री कवटी मांडून काहीतरी चालते अशी त्याची खात्री होती. हा शब्द त्याचा एकट्याचा नव्हता, हे पुढे वाचनात आले. उत्तर हिंदुस्थानातही मेसनांच्या इमारतींना लोक जादूघरच म्हणत. फारसी जाणणाऱ्यांनी तर त्याहून नेमका शब्द काढला होता: 'फरामोशखाना', म्हणजे विसरण्याचे घर, कारण आत काय झाले असे विचारले की बाहेर आलेला माणूस 'आठवत नाही' एवढेच सांगे. (कवटीपुरता आमचा शिपाई चुकलेला नव्हता. तिसऱ्या पायरीच्या विधीत मृत्यूची आठवण म्हणून ती खरोखरच दाखवली जाते.)

फ्रीमेसनरीविषयी आपल्याकडे जे काही फिरते, त्यात जगावर राज्य करणाऱ्या गुप्त मंडळाच्या गोष्टी इतक्या असतात की मूळ संस्था काय आहे हे बाजूलाच राहते. मला तिच्या गुपितापेक्षा तिच्या दाराविषयी अधिक कुतूहल आहे. ते दार कोणासाठी उघडले आणि कोणासाठी नाही, हे पाहिले की या संस्थेची थोरवीही कळते आणि तिचा कोतेपणाही.

मेसन म्हणजे गवंडी. मध्ययुगीन ब्रिटनमध्ये मोठी चर्चे बांधणारे पाथरवट आणि गवंडी कामाच्या जागेवर जी खोपटी उभारत, जिथे हत्यारे ठेवत, दगड घडवत आणि विसावा घेत, तिला, आणि पुढे तिथल्या मंडळीलाही, 'लॉज' म्हणत. स्कॉटलंडमध्ये राजाच्या बांधकामांचा प्रमुख विल्यम शॉ याने १५९८ मध्ये या लॉजांसाठी लेखी नियम केले, आणि एडिंबरा येथील एका लॉजची इतिवृत्ते १५९९ पासूनची उपलब्ध आहेत. यानंतर एक विलक्षण गोष्ट घडली. ज्यांनी जन्मात छिन्नी हाती धरली नव्हती असे लोक या गवंड्यांच्या मंडळींत शिरू लागले. इलायस ॲशमोल या विद्वान संग्राहकाने १६४६ मध्ये वॉरिंग्टन येथे आपण मेसन झाल्याची नोंद आपल्या रोजनिशीत करून ठेवली आहे. इंग्लंडात तेव्हा यादवी युद्ध नुकतेच ओसरत होते आणि धर्मपंथांवरून माणसे एकमेकांच्या जिवावर उठलेली होती. अशा काळात, जिथे धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायचा नाही अशी एक खोली सुशिक्षित माणसांना हवीशी वाटली असेल, तर त्यात मला नवल वाटत नाही.

लंडनमधील चार लॉज २४ जून १७१७ रोजी सेंट पॉल चर्चच्या आवारातील 'गूज अँड ग्रिडायर्न' नावाच्या मद्यगृहात एकत्र आली आणि त्यांनी ग्रँड लॉज, म्हणजे सर्व लॉजांची मध्यवर्ती संस्था, स्थापन केले, असे संस्था स्वतः सांगत आली आहे. ही घटना प्रत्यक्षात १७२१ ची असावी, असे अलीकडे काही इतिहासकारांनी साधार मांडले आहे. १७२३ मध्ये जेम्स अँडरसन या स्कॉटिश धर्मोपदेशकाने संस्थेची घटना छापली. ज्या धर्माविषयी सर्व माणसांचे एकमत आहे तेवढाच धर्म मेसनाने पाळावा आणि बाकीची मते स्वतःपाशी ठेवावीत, अशा आशयाचे तिच्यातले कलम त्या काळात धाडसाचे होते. मात्र त्याच घटनेने गुलामांना आणि स्त्रियांना प्रवेश नाकारला, हेही लगेच सांगितले पाहिजे.

विधी म्हणून जे चालते ते मुळात एक नाटक आहे, आणि ते मला तरी आवडते. दाराबाहेर उपसलेली तलवार घेऊन एक पदाधिकारी उभा असतो. आत लॉजचा मास्टर पूर्वेला बसतो, त्याचे दोन सहकारी पश्चिमेला आणि दक्षिणेला. उमेदवाराच्या डोळ्यांवर पट्टी असते, गळ्यात दोरीचा फास असतो, डावी छाती उघडी असते, डावा गुडघा दिसेल अशी विजार वर दुमडलेली असते, आणि आत पाऊल टाकताना त्याच्या छातीला टोकदार पात्याचा स्पर्श केला जातो. त्याआधी त्याच्या अंगावरील नाणी आणि इतर सर्व धातू काढून घेतलेले असतात. शपथ होते, पट्टी सुटते, आणि मग त्याच्यापुढे मदतीसाठी हात पसरला जातो: गरिबांसाठी काही द्या. तो खिसे चाचपतो, तर जवळ छदामही नाही. त्या क्षणी त्याला सांगतात की आज तू जसा रिकाम्या हाताने उभा आहेस, तसा एखादा माणूस उद्या तुझ्यासमोर येईल तेव्हा ही वेळ आठव. दानधर्मावरची कितीतरी प्रवचने मी ऐकली आहेत, पण माणसाला असे भर सभेत कफल्लक करून शिकवण्याची युक्ती दुसरीकडे पाहिली नाही.

पुढे सगळी शिकवण गवंड्याच्या हत्यारांतूनच दिली जाते. गुण्या सचोटीसाठी, कंपास स्वतःला मर्यादेत ठेवण्यासाठी, ओळंबा सरळ वागण्यासाठी. चोवीस इंची मोजपट्टी म्हणजे दिवसाचे चोवीस तास आणि त्यांची प्रार्थना, काम व परोपकार यांत केलेली वाटणी. खडबडीत दगड म्हणजे आजचा मी, घडवलेला दगड म्हणजे व्हायला हवा तो मी. शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद अशा तीन पायऱ्या आहेत. शेवटच्या पायरीवर बायबलमधील राजा शलमोनाच्या मंदिराचा शिल्पकार हिराम याच्या खुनाची कथा सादर होते, आणि त्यात मारला जाणारा हिराम खुद्द उमेदवारच असतो. प्रत्येकाच्या कमरेला कोकराच्या पांढऱ्या कातड्याचा ॲप्रन असतो. इंग्लिश पद्धतीत शिकाऊचा ॲप्रन कोरा, दुसऱ्या पायरीला त्यावर दोन निळी फुले, तिसरीला तीन फुले आणि निळी किनार. स्कॉटिश पद्धतीत प्रत्येक लॉज आपापला रंग ठरवते, त्यामुळे तिकडे या बाबतीत बरीच रंगपंचमी असते.

आता हे सगळे मला कसे ठाऊक? मी मेसन नाही. १७३० मध्ये सॅम्युअल प्रिचर्ड नावाच्या माणसाने लंडनमध्ये या विधींची प्रश्नोत्तरे पुस्तिकेच्या रूपाने छापली आणि ती हातोहात खपली. म्हणजे गुपित फुटून जवळजवळ तीनशे वर्षे झाली, आणि तरीही संस्थेचे काहीही बिघडले नाही. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो नीट पाहण्यासाठी मुंबईत यावे लागते.

ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांबरोबर १७३० च्या सुमारास कोलकात्यात आणि १७५८ मध्ये मुंबईत लॉज आले. सर्व माणसे बंधू आहेत असे म्हणणाऱ्या या खोलीच्या दारावर शेजारच्या गल्लीतला माणूस येऊन उभा राहील, हे मुंबईच्या साहेबांच्या ध्यानात आले नसावे. तो माणूस म्हणजे माणेकजी करसेटजी. इथे प्रवेश नाही म्हणून या पारशी गृहस्थांनी १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. तेथील विधी पूर्ण करून, रीतसर मेसन होऊन ते मुंबईला परतले, तरीही येथील लॉजने त्यांना घेतले नाही. अशा प्रसंगी मतदान पेटीत गोळ्या टाकून होते. पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. थोड्या काळ्या गोळ्याही पुरतात, आणि त्या कोणी टाकल्या हे कोणालाच कळत नाही. बंधुत्वाच्या सभागृहातली ही लहानशी पेटी मला त्या तलवारीपेक्षा अधिक धारदार वाटते.

या नकारानंतर जेम्स बर्न्स या कंपनीच्या सैन्यातील डॉक्टरने, जो स्कॉटिश शाखेचा पश्चिम हिंदुस्थानातील प्रमुख होता, १८४३ मध्ये खास हिंदुस्थानी लोकांसाठी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज स्थापन केले. याचे कौतुक करावे की वेगळी पंगत मांडली म्हणून खंत करावी, हे मला आजही ठरवता आलेले नाही. पुढे फिरोजशाह मेहता याच लॉजचे सदस्य झाले. कोलकात्यात प्रसन्नकुमार दत्त यांना तर हिंदू अनेक देव मानतो, मग तो एका परमेश्वराची शपथ कशी घेणार, या वादात तब्बल नऊ वर्षे तिष्ठावे लागले आणि १८७२ मध्ये प्रवेश मिळाला. त्यानंतर बाराच वर्षांनी त्याच शहरात नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, मेसन झाले.

आता यापुढची गोष्ट. मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग लाहोरला १८८६ मध्ये मेसन झाला. त्या लॉजवरच्या आपल्या कवितेत तो हिंदू, मुसलमान, शीख, पारशी, ज्यू अशा सर्व बंधूंची आठवण काढतो. पण कोणाची जात बाटू नये म्हणून तिथे मेजवानी देता येत नसे, हेही प्रांजळपणे सांगून जातो. म्हणजे एका छताखाली शपथ चालते, मृत्यूचे नाटक चालते, पण घास चालत नाही.

आणि इथे मला आपली परमहंस सभा आठवते. रायझिंग स्टारनंतर सहाच वर्षांनी, १८४९ मध्ये, याच मुंबईत दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर आदी मंडळींनी ती गुप्तपणे सुरू केली. शाळेत ज्यांचे व्याकरण आपल्या आज्या-पणज्यांनी घोकले, तेच हे दादोबा. या सभेतही बंद दार होते, शपथ होती, प्रार्थना होती, सदस्यांची नावे बाहेर सांगायची नाहीत असा दंडक होता. फरक असा की इथे नव्या सदस्याच्या छातीला पाते लावत नसत. त्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायला आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायला देत. मेसनांनी जी गोष्ट लाहोरात टाळली, तीच परमहंस मंडळींनी दीक्षाविधी केली. तो पावाचा तुकडा घशाखाली उतरवताना एखाद्या विशीतल्या ब्राह्मण मुलाला काय वाटले असेल, याचा विचार केला की हिरामच्या खुनाचे नाटक मला फारच सोपे वाटू लागते.

१८६० च्या सुमारास सभेच्या सदस्यांची यादी चोरीला गेली, नावे बाहेर आली, आणि सभा संपली. मेसनांचे सगळे विधी छापून आले तरी त्यांचा केसही वाकडा झाला नाही. परमहंसांची नुसती नावे कळली आणि घराघरांत वाळीत पडण्याची, बायको माहेरी जाण्याची, प्रायश्चित्ताची वेळ आली. म्हणून कोणतेही गुपित किती खोल आहे हे ते उघडे पडल्यावर कोणाचे काय जाते यावरून मोजावे, असे माझे मत आहे, आणि त्या मापाने फ्रीमेसनरीचे गुपित बव्हंशी शोभेचे आहे.

'बव्हंशी' हा शब्द मी जाणून वापरला, कारण दुसरीही एक यादी आहे. १९८१ मध्ये इटलीत 'पी टू' या लॉजचा प्रमुख लिचो जेल्ली याच्या जागेवरील छाप्यात त्या लॉजच्या सदस्यांची यादी पोलिसांना सापडली. तिच्यात मंत्री, सेनाधिकारी, गुप्तचर विभागांचे प्रमुख, बँकवाले अशी ९६२ नावे होती, आणि त्या धक्क्याने पंतप्रधान फोर्लानी यांचे सरकार कोसळले. या लॉजला मूळ संस्थेने १९७६ मध्येच निलंबित केले होते, हे मेसन लोक आवर्जून सांगतात आणि ते खरेही आहे. पण बंद दार, परस्परांना सांभाळण्याची शपथ आणि सत्ताधारी माणसे यांचा मिलाफ झाला की काय होऊ शकते, हे त्याने दिसले. दुबळ्याने समाजाच्या भीतीने नाव लपवणे आणि बलवानाने जाब द्यावा लागू नये म्हणून लपवणे, या दोन गोष्टी मी एका तागडीत घालणार नाही. कॅथलिक चर्चने १७३८ पासून मेसनांवर बंदी घातली, हिटलर आणि स्पेनचा हुकूमशहा फ्रँको यांनी त्यांना छळले. त्या द्वेषाची कारणे निराळी होती आणि बरीचशी कपोलकल्पित होती. लिओ टॅक्सिल नावाच्या फ्रेंच लेखकाने मेसन सैतानाची पूजा करतात असे बारा वर्षे रंगवून लिहिले आणि १८९७ मध्ये पॅरिसच्या भर सभेत ही सगळी थट्टा होती असे स्वतःच जाहीर केले. तरीही सैतानपूजेचा तो आरोप आजतागायत फिरतच आहे.

स्त्रियांचे दार मुख्य प्रवाहात अजूनही बंद आहे. १८९३ मध्ये फ्रान्समध्ये मारिया देरेम यांनी स्त्री-पुरुषांची संयुक्त शाखा काढली आणि ॲनी बेझंट यांनी ती हिंदुस्थानात आणली, पण जुन्या शाखा तिला मेसनरी मानत नाहीत. गंमत अशी की ज्या माणेकजींना दारातून परत पाठवले होते, त्यांनीच १८६३ मध्ये फोर्टात मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली.

स्वातंत्र्यानंतर, १९६१ मध्ये, भारताचे स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाले. त्याच्या वेदीवर गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहेब आणि अवेस्ता असे ग्रंथ ठेवतात, आणि ज्याने त्याने आपापल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यावी अशी रीत आहे. माझ्या ओळखीचे एक निवृत्त बँक अधिकारी तीसेक वर्षे मेसन आहेत. मी त्यांना एकदा विधींबद्दल विचारले, तेव्हा ते नुसते हसले. मग सभा आटोपल्यावर जेवण असते का, असे विचारले. असते तर, ते म्हणाले, एकाच टेबलावर, आणि जैन बंधूंसाठी कांदा-लसणाशिवायचे वेगळे सांगावे लागते, ते मागच्या महिन्यात केटरर विसरला म्हणून अर्धा तास सगळेच ताटकळले होते.