तेरा पॉइंटांसाठी अडून बसू नका

गिरगावपासून बोरिवलीपर्यंत ब्रिज हा पत्त्यांचा खेळ नव्यानं शिकणाऱ्यांच्या फोनवर एक संदेश फिरतो आहे. त्यात म्हटलंय: हातातल्या मोठ्या पानांचे १३ पॉइंट नसतील तर ओपनिंग, म्हणजे पहिली बोली, करू नका, पास केल्यानं काही जात नाही, मोठ्या पानांच्या बोली आधी पाठ करा, कमी पॉइंटांवर चढी बोली म्हणजे जुगार. हे ऐकून शिकलेला माणूस पुढे वर्षानुवर्षं घाबरत खेळतो, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १ असे कॅटमध्ये ४० पॉइंट, म्हणजे माणशी सरासरी १०. १३ किंवा जास्त पॉइंट शंभरात साधारण २७ वेळा येतात, १२ पासून मोजलं तर ३५ वेळा. पण फक्त पॉइंट मोजणं हीच मूळ चूक आहे. ही पानं बघा: इस्पिकचे एक्का, राजा, दश्शी, नव्वी, तिर्री, बदामचे राजा, गुलाम, दश्शी, पंजी, दुर्री, चौकटची सत्ती आणि दुर्री, किलवरची एकटी छक्की. पॉइंट ११च. संदेशाप्रमाणे पास. आता पार्टनरकडे राणीसह चार इस्पिक, राणीसह तीन बदाम, एक्क्यासह तीन चौकट आणि तीन फालतू किलवर ठेवा. त्याचे ८ पॉइंट. इस्पिक आणि बदाम फार वाईट फुटले नाहीत, तर बदामचा एक्का, एक चौकट आणि एक किलवर एवढेच हात जातात, आणि फोर स्पेड्स, म्हणजे इस्पिक हुकूम करून दहा हात करण्याची बोली, पुरी होते. दोघांचे मिळून १९ पॉइंट! तुम्ही पास केलंत तर ८ पॉइंटांवर तोही पासच करणार. मग ‘काही जात नाही’ कसं? गेमच, म्हणजे मोठा बोनस देणारी बोलीच, गेली.

मार्टी बर्गन यांनी रूढ केलेला वीसचा नियम इथेच कामी येतो: पॉइंटांत सर्वांत लांब दोन रंगांची पानं मिळवा, २० झाले तर बोला. वरच्या पानांचे २१ होतात. उलट ४-३-३-३ वाटणीत राण्या-गुलामांचे विखुरलेले १२ पॉइंट असतील, तर बेरीज १९. तिथे मी खुशाल पास म्हणेन.

मोठ्या पानांचं थोडक्यात. २२ किंवा जास्त पॉइंट सुमारे २३६ वेळांत एकदा येतात. ऑफिस सुटल्यावर लोकल पकडून २४ डाव खेळायला येणाऱ्याला दहा बैठकींत जेमतेम एकदा. ५ ते १० पॉइंट मात्र जवळजवळ निम्म्या वेळा. सराव कशाचा आधी करायचा?

राहिला जुगाराचा आरोप. सहा पानांचा चांगला रंग आणि ७-८ पॉइंट असताना टू स्पेड्स, म्हणजे इस्पिकमध्ये आठ हात, म्हणण्यात हिशेब असतो. तुम्ही व्हल्नरेबल (ज्या बाजूला त्या डावात दंड आणि बोनस दोन्ही जास्त, ती) नसताना, समोरच्यांनी दंड वाढवायला डबल म्हटलं आणि तीन हात कमी पडले तर ५०० जातात. समोरचे व्हल्नरेबल असतील तर त्यांचा फोर हार्ट्स (बदाम हुकूम करून दहा हात) ६२० चा, म्हणजे ५०० देणं स्वस्तच. शिवाय त्यांची बोलीची जागा तुम्ही खाल्लेली असते. तुम्हीच व्हल्नरेबल असाल तर तेच तीन हात ८०० ला पडतात, तिथे हात आखडता घ्या.

संदेशातली सावधगिरी खरी शोभते ती चौथ्या जागी. तिघांनी पास केल्यावर पॉइंटांत इस्पिकची पानं मिळवा आणि १५ भरले तरच बोला. ११ पॉइंट आणि चार इस्पिक असतील तर बोली. ११ पॉइंट आणि एकच इस्पिक असेल तर पानं खाली ठेवा.