वळवलेल्या स्पीकरने बेस वळत नाही

माझी मावशी चौकातल्या मांडवापासून वीस-पंचवीस पावलांवर राहते. वय 78. विसर्जनाच्या आधीचे दोन दिवस ती दरवर्षी लेकीकडे जाते. यंदा मंडळाच्या मुलांनी तिला एक मेसेज दाखवला आणि सांगितलं, "काकू, आता कुठे जायची गरज नाही." मेसेज असा: कमानीसारखा वळवलेला लाइन ॲरे, म्हणजे एकाखाली एक टांगलेल्या स्पीकरची रांग, लावला की आवाज टॉर्चच्या झोतासारखा फक्त गर्दीवर पडतो, शेजारच्या घरांत जात नाही, अंतर दुप्पट झालं तरी तीनच डेसिबल घटतो, आणि डेसिबलच्या मर्यादेची भीती उरत नाही. मावशीने तो मला पाठवला आणि विचारलं, "खरं का रे?"

नाही मावशी. आणि ज्याने कुणी हे लिहिलं त्याचा मला राग आलाय, कारण तू त्यावर विसंबून घरी थांबणार होतीस.

शेजारच्या घरांत आवाज जात नाही, हे सगळ्यात घातक. आवाजाला दिशा द्यायची तर स्पीकरची रांग निदान त्या आवाजाच्या तरंगलांबीएवढी हवी. हवेत आवाज सेकंदाला साधारण 344 मीटर जातो. म्हणजे 4000 हर्ट्झच्या (सेकंदाला 4000 कंपनं) उंच सुराची तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटर, बेसमधल्या 100 हर्ट्झची जवळपास साडेतीन मीटर, 50 हर्ट्झची जवळपास सात मीटर. चौकात टांगलेली रांग असते दोन-अडीच मीटरची. झांजेची किणकिण ती वळवेल, डीजेचा ठोका नाही. शिवाय तो ठोका त्या कमानीतून येतच नाही. तो जमिनीवर रचलेल्या सबमधून (फक्त बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरमधून) येतो आणि जवळजवळ चहूकडे सारखा पसरतो. त्यातून भिंती-खिडक्या उंच सूर बऱ्यापैकी अडवतात, बेस मात्र आत येतो. मावशीच्या पलंगापर्यंत जे पोचतं, नेमकं तेच या कमानीच्या हातात नाही.

आणि ती कमान वळलेली असते वर-खाली. डावी-उजवीकडे आवाज किती पसरेल हे प्रत्येक खोक्यातला हॉर्न, म्हणजे आवाज बाहेर सोडणारा भोंगा, ठरवतो, बहुतेकदा 90 ते 120 अंश. मावशीची खिडकी बाजूलाच आहे.

वळणाने काहीच होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकी नौदलासाठी पाण्याखालच्या ध्वनीवर काम करणाऱ्या रॉजर्स आणि व्हॅन ब्युरेन यांनी 1978 मध्ये दाखवलं, की वक्र पृष्ठभागावरून निघणारा झोत वेगवेगळ्या वारंवारितांना, म्हणजे उंच-खालच्या सुरांना, एकाच रुंदीचा ठेवता येतो. डॉन कील यांनी 2000 मध्ये तेच तत्त्व कमानीत बसवलेल्या स्पीकरना लावलं. पण त्यात मधल्या स्पीकरपासून टोकाकडे आवाज हिशेबाने कमी करत न्यावा लागतो. नुसतं वाकवून भागत नाही. आणि एका ठरावीक वारंवारितेच्या खाली तो झोतही फाकतो. ती मर्यादा कमानीच्या आकारावर ठरते. म्हणजे गाडी पुन्हा तरंगलांबीवरच येते.

तीन डेसिबलचं गणित सरळ रांगेचं, तेही जवळच्या अंतरापुरतं. तीन मीटरच्या रांगेसाठी 1000 हर्ट्झला ते साधारण 13 मीटरवर संपतं, 100 हर्ट्झला दीड मीटरच्या आतच. पुढे अंतर दुप्पट झालं की नेहमीचे सहा डेसिबल घटतात. आणि आवाज कमी घटतो म्हणजे तो लांबवर जास्त पोचतो, एवढं तरी लिहिणाऱ्याला कळायला हवं होतं!

मर्यादेचं म्हणाल तर 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत स्पीकरच्या आकाराला सूट नाही. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त किंवा 75, यांतलं जे कमी ते. त्यातही हे मोजमाप 'ए' भारांकनाने होतं, म्हणजे कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात या हिशेबाने, आणि ते 50 हर्ट्झच्या आवाजातून 30 डेसिबल वजा करतं. आवाज मोजणारा मीटर नियमात दिसेल, तेव्हाही तावदानं थरथरत असतील.

मुलांना मी फोन केला. ती वाईट नाहीत, त्यांना मेसेज खरा वाटला होता. सब मावशीच्या भिंतीपासून हलवा आणि त्यांचा आवाज खाली आणा, एवढं सांगितलं. मावशीला मात्र लेकीकडे सोडायला मी स्वतः जाणार आहे.