"पार्ट्सचे किती झाले?"
हेडफोन अ‍ॅम्प (हेडफोनचा आवाज वाढवणारी डबी) हाताने बनवून दिला की पहिला प्रश्न हाच. अरे, सीमॉय नावाच्या छोट्या अ‍ॅम्पचं सर्किट फुकट मिळतं, मान्य. एक ओपीए२१३४ चिप, थोडे कपॅसिटर, ९ व्होल्टची बॅटरी, हे सगळं बसवायला पेपरमिंटची डबी. ही बेरीज मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातला, लॅमिंग्टन रोडवरचा पोऱ्यासुद्धा तोंडी करेल. पण आवाज अगदी खाली नेल्यावरही डावा-उजवा कान सारखा वाजावा म्हणून ६ पॉट (आवाजाची फिरती बटणं) मोजून ५ बाजूला टाकले, ते कुणाच्या खात्यात? जॅकचं भोक पाडताना पत्रा फाटला, दुसरी डबी आणली. घुंऽऽ कुठून येतंय ते शोधण्यात अख्खा रविवार गेला. निघालं काय, तर ग्राउंडला ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला टाका! आणि हे महाशय म्हणतात, "चायनीज निम्म्यात मिळतो." मग घे ना बाबा! खरखरायला लागला की मात्र माझ्याकडे आणू नकोस. (आणतोच. वर चहाही पितो.)