तक्रारपेटीची किल्ली कुणाकडं?

दरवर्षी ॲडमिशनला रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र. पोरीनं सही करायची, बापानंही करायची. त्यासाठी खानापूरहून रजा टाकून बेळगाव गाठा, लायनीत उभे राहा! आणि कॉलेजनं काय करायचं? यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २००९चा नियम म्हणतो, गुन्हा दिसला की प्रमुखानं २४ तासांत एफआयआर करावा. इथं पोरीनं तोंड उघडलं की, "मिटवून घ्या की!" मिटवायला ती काय फळ्यावरची खडूची रेघ आहे? रॅगिंगविरोधी समितीचा बोर्ड कन्नड-इंग्रजीत, त्यावरच्या अध्यक्ष मॅडम केव्हाच रिटायर झाल्यात. तक्रारपेटी शिपायाच्या खुर्चीमागं, कुलपाला गंज. किल्ली? "सर रजेवर हैत." कॉलेजला दर्जा देणारे नॅकवाले येणार म्हटलं की मात्र त्याच पेटीला रंग लागतो बघा. गंजासकट!