वारा फुकट, बाकीचं पावतीवर

विंडसर्फिंग शिकायचं ठरवलंत, छान केलंत. आठ जिल्ह्यांत मिळून वीतभरही समुद्रकिनारा नसलेल्या मराठवाड्यातल्या माणसाने शिडाच्या फळीवर उभं राहायचं मनावर घेतलं, तर त्यात हसण्यासारखं काही नाही. ज्याच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, त्यालाच पाण्याचं खरं अप्रूप. शिवाय आता रस्ताही यायचा आहे. शक्तिपीठ महामार्गाच्या मूळ आराखड्यात वर्ध्याजवळचं पवनार ते गोव्याच्या वेशीवरची पत्रादेवी असे ८०२ किलोमीटर धरलेले आहेत. त्यातले बरेचसे हिंगोली, नांदेड, परभणी, बीड, लातूर, धाराशिवच्या काळ्या रानातून जातात. नागपूर-गोवा अठरा तासांचा प्रवास आठ तासांत होणार म्हणतात. मोजणीला आलेल्या साहेबांना बांधावर अडवून ‘आमचं गोव्यात काय काम?’ असं विचारणाऱ्या शेतकऱ्याला आजवर धड उत्तर मिळत नव्हतं. तुमच्या रूपाने ते मिळालं. जमीन द्यायची, तिच्यावरून सुसाट जायचं आणि फळी भाड्याने घेऊन पाण्यात पडायचं.

किनारा कोणता निवडावा, हे मी सांगणार नाही. नाव सांगितलं की भाव वाढतात. एक खूण मात्र सांगतो : ज्या किनाऱ्याबद्दल सगळे ‘पूर्वी इथं काय मजा होती!’ म्हणतात, तिथेच जावं. हे ‘पूर्वी’ तिथल्या पॅकेजमध्ये धरलेलं असतं.

पूर्वी तिथे सुरूच्या बनात झावळ्यांची एक खोप होती. खोपीत चार-पाच फळ्या, दोन-तीन ठिगळ लावलेली शिडं आणि एक म्हातारबाबा. दर खडूने लिहिलेला असे आणि तो पावसाळ्यात धुऊन जाई. शीड जोडायला हिरवळ होती, फळी धुवायला विहीर होती. सामान रात्री तिथेच टाकून जायचं, सकाळी असेल तसं मिळायचं. बाबा आकाशाकडे बघून ‘आज नको, वारो फिरलो’ म्हणाला की लोक मुकाट्याने चहा पिऊन परत जायचे. एकूण पाहता धंद्याची अक्कल कुणालाच नव्हती.

आता विकास झाला आहे. हिरवळीवर पेव्हर ब्लॉक बसलेत. त्यावर पार्किंग आहे, पार्किंगला कमान आहे, कमानीला दिवे आहेत. पुढे माणसाएवढ्या लाल अक्षरांत गावाचं नाव आणि त्याच्या आधी बदामाचं चिन्ह. तिथे फोटो काढायला रांग असते. ती विंडसर्फिंगची रांग समजून उभे राहू नका. त्या रांगेतल्या कुणालाही पाण्यात जायचं नसतं.

शीड जोडायचा प्रश्न उरतो. त्याला मऊ जागा लागते, कारण शिडाचा पारदर्शक भाग पातळ प्लास्टिकच्या फिल्मचा असतो आणि सिमेंटवर घासला की ओरखडतो, मग तिथेच चिरतो. हे नियोजनकारांच्या लक्षात आलं नसेल, असं समजू नका. जुनी हिरवळ जिथे होती तिथेच, दोन इनोव्हांच्या मधे, तुम्ही आजही शीड पसरू शकता. फक्त जागेचे पैसे गाडीच्या दराने पडतात, आणि चिरलं तर शिडाचे वेगळे.

खिडकीवर गेलात की आपल्याकडच्या सवयीने विचाराल, ‘काय भाऊ, तासाचं किती घ्यायलात?’ आतला पोरगा मोबाइलमधून मान वर न करता सांगेल, ‘तासाचो नाय काका, सेशन असा. पंचेचाळीस मिनटांचा.’ इथे वाद घालू नये. तास साठ मिनिटांचा असतो, हा आग्रह आपल्यासारख्या रेल्वे उशिरा येणाऱ्या प्रदेशातल्या लोकांनी धरणं बरं दिसत नाही. सेशनमध्ये फळी येते. शीड, हार्नेस म्हणजे शिडाला अडकवायचा कमरेचा पट्टा, शिकवणारा आणि सामान ठेवायचा लॉकर वेगळे येतात. वर १८ टक्के जीएसटी, पावती हवी असेल तर. अनामत म्हणून आधार कार्ड आणि रोख रक्कम. फळी हातात घेताना तिच्यावरचे ओरखडे मोजून व्हिडिओ काढून ठेवा. सोयाबीनच्या ओलाव्याच्या मापावर आडत्याशी भांडलेल्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको.

लाइफ जॅकेटचे जादा पैसे मागतील. द्या. हा एक सल्ला मी सरळ मनाने देतोय.

आता वाऱ्याचं. सगळ्या दरपत्रकात हा एकच माल फुकट आहे, म्हणून त्याची हमी कुणी देत नाही. सहावी-सातवीच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे दोन गुणांसाठी पाठ केले होते, ते आता बाहेर काढा. जमीन तापली की दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री जमीन निवते आणि पहाटेपासून सकाळपर्यंत मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात. फळी पाण्यावर नुसती तरंगायची सोडून घसरत पळायला लागावी, तर साधारण १२ नॉट, म्हणजे ताशी २२ किलोमीटरचा वारा लागतो. तो बहुधा दुपारीच मिळतो, आणि मार्च ते मे या महिन्यांत जास्त भरवशाने. म्हणूनच सकाळी आठचा स्लॉट सवलतीत विकतात. अवश्य घ्या. वारा नसल्यामुळे शीड हातात धरून उभं राहायचा सराव उत्तम होतो, आणि जो थोडाफार मतलई असेल तो तुम्हाला हळूहळू अरबी समुद्राच्या आत नेतो. पूर्वी अशा वेळी एखादा रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारा कोळी, होडी घेऊन यायचा, दोन शिव्या हासडायचा आणि ओढत किनाऱ्याला आणून सोडायचा. शिव्यांना पैसे पडत नव्हते. आता जेट स्की येते. चालवणारा अत्यंत नम्र असतो आणि बचावाचा दर पाण्यातच सांगतो.

पाण्यात पोचल्यावर घासाघीस करायची संधी तुम्हाला आयुष्यात दुसरीकडे कुठे मिळणार नाही, ती सोडू नका.

दुपारी वारा आला तरी नवशिक्याला वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही. तो खाली खाली वाहत जातो आणि मग फळी ओढत किनाऱ्याने चालत परत येतो. विंडसर्फिंगचा निम्मा व्यायाम हाच, पूर्वीही हाच होता. फरक इतकाच, की आता वाटेत रिसॉर्टच्या खुर्च्या मांडलेल्या असतात आणि रखवालदार ओल्या माणसाला खोलीचा नंबर विचारतो. पुळण सगळ्यांची असते वगैरे त्याला ऐकवू नका. त्याला ते माहीत असतं, तो त्याच गावचा असतो. कदाचित त्याच्या आईची सुकी मासळी वाळत घालायची जागा आज त्या खुर्च्यांखाली असेल.

रिसॉर्ट पाण्याच्या इतकं जवळ कसं, असं कुणालाही विचारू नका. उत्तर कागदोपत्री मिळेल आणि ते बरोबरच असेल. किनारपट्टी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ची, दुसरी २०११ची. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई होती. २०१९च्या अधिसूचनेने, जिथे २०११च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१पेक्षा जास्त लोक राहतात तिथे, ही मनाई ५० मीटरवर आणली. तात्पुरत्या शॅकना, कपडे बदलायच्या खोल्यांना तर भरतीरेषेपासून १० मीटरचं अंतर पुरतं. चौरस किलोमीटरला २१६० माणसांच्या गावाला समुद्र लांब आणि २१६२च्या गावाला जवळ, अशी ही व्यवस्था आहे. गावठाणाची हद्द आणि एनए यांच्यात अर्धं आयुष्य गेलेल्या आपल्या माणसाला ती चटकन समजते. वारा मात्र अधिसूचना वाचत नाही. किनाऱ्यालगत भिंत उभी राहिली की तो तिला थडकून जवळच्या पाण्यावर घोळ घालतो, आणि नवशिक्या नेमका तिथेच शिकत असतो.

पावसाळ्याचंही सांगून ठेवतो. जून ते ऑगस्ट पश्चिम किनाऱ्यावर वारा पोटभर असतो, आणि त्याच काळात जलक्रीडा बंद असतात. याला मात्र नावं ठेवू नका, त्या लाटांत खोपीतला बाबासुद्धा उतरत नव्हता. बंदीच्या काळात किनाऱ्यावर ‘मान्सून पॅकेज’ चालतं : खोली, भजी आणि खिडकीतून वारा.

सामानाबद्दल दोन शब्द. हा खेळ १९८४ला लॉस एंजेलिसमध्ये ऑलिंपिकला पोचला. बायकांना १९९२च्या बार्सिलोनापर्यंत वाट पाहावी लागली. तेव्हापासून ऑलिंपिकची फळी पुन्हा पुन्हा बदलली, आणि प्रत्येक वेळी जगभरच्या खेळाडूंचं आधीचं सामान एका रात्रीत जुनं झालं. आरएस:एक्स नावाची फळी २००८पासून टोकियोपर्यंत चालली. २०२४ला मार्सेयच्या पाण्यात आयक्यूफॉइल आली. हिच्या पोटाखाली लांब दांडा आणि त्याला पंख, हीच फॉइल. वेग आला की फळी पाण्याबाहेर उचलली जाते. दांड्याला खोल पाणी लागतं, कमरेएवढ्या पाण्यात तो तळाला टेकतो. आपल्या किनाऱ्यावर फॉइल एकच आहे आणि ती स्वागतकक्षात भिंतीवर टांगलेली आहे. ती टांगल्यापासून दर फॉइलचे झाले. तुम्हाला मिळेल ती फळी बार्सिलोनाच्या आसपासची असेल. नवशिक्याला तशी जाड, रुंद, जड फळीच बरी असते, तेव्हा या एका बाबतीत तुमचं नकळत भलं होईल.

आता गोड्या पाण्याकडे येऊ, कारण इथे तुम्ही पुण्या-मुंबईच्या मंडळींना सहज हरवाल. समुद्रातून आल्यावर सगळं धुवावं लागतं. बूमचा, म्हणजे शीड धरायच्या आडव्या दांडीचा क्लॅम्प, हार्नेसचा हुक, फळीचा सांधा यांच्यावर मीठ बसलं की ते धातू खातं. डोलकाठी दोन तुकड्यांची असते. सांध्यात वाळू गेली तर ते तुकडे सामाईक सातबाऱ्यावरच्या भावांसारखे वेगळे होता होत नाहीत. विहीर होती तेव्हा चार पोहरे ओतले की काम व्हायचं. विहीर आता काचेच्या झाकणाखाली आहे, आत निळा दिवा सोडला आहे, बाजूला ‘वारसा’ असा फलक आहे. पाणी शॉवरला येतं, टोकन टाकून, मिनिटांच्या हिशेबाने. मुंबईकर साबण लावेपर्यंत नळ बंद होतो आणि तो फेसासकट दुसऱ्या टोकनच्या रांगेत उभा राहतो. तुम्हाला त्याची गरज नाही. २०१६ला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पाणी आणलं, त्या उन्हाळ्यात अंघोळ केलेल्या माणसाला अंगाला किती तांबे लागतात हे तोंडपाठ आहे. एका टोकनमध्ये तुम्ही, सौभाग्यवती, दोन पोरं आणि डोलकाठी आरामात निघता. तेच पाणी खाली बादलीत धरून पायपुसणंही धुता येईल, पण तसं करू नका. कुणीतरी रील काढेल.

हे शॉवरचं पाणी येतं कुठून, हे संध्याकाळी मागच्या दाराशी उभं राहून बघा. टँकर येतो. ओळखीचं काहीतरी दिसल्यामुळे तुम्हाला एकदम घरच्यासारखं वाटेल. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जांभ्या दगडातून झिरपतो, उतारावरून समुद्राला मिळतो आणि मे महिन्यात कितीतरी वाड्या टँकरची वाट बघतात. आपल्याकडे सातशेच्या आसपास पडतो आणि आपणही टँकरचीच वाट बघतो. पर्जन्यमान वेगळं, टँकरवाला एकच. त्याच्याशी गप्पा मारा. फेऱ्या किती होतात आणि किती लिहिल्या जातात, या विषयावर दोन्ही प्रदेशांची मनं लगेच जुळतील.

जेवणाचं थोडक्यात. गाडीच्या डिकीत शेगडी आणि पिठाचा डबा टाकून निघायची आपली रीत गोव्याच्या हद्दीत आवरा. तिथे २०१९च्या दुरुस्तीने पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाकाला एकट्यास २,००० आणि गटाला १०,००० रुपये दंड ठेवला होता, आणि आपण एकटे कधी जात नाही. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घरून करून न्या, स्वयंपाक म्हणून ते कुणाला सिद्ध करता येणार नाही. माळकरी सासूबाई सोबत असतील तर धपाटे जास्त घ्या. व्हेज थाळीत कोबी असतो, आणि फिश थाळीतल्या माशाएवढेच पैसे त्यालाही पडतात.

म्हातारबाबा कुठे गेला, असं निघताना विचारावंसं वाटेल. विचारा, हरकत नाही. ठेका बाहेरच्या कुणाला मिळाला, बाबाकडे परवाना नव्हता, खोप अतिक्रमणात निघाली. सध्या तो कमानीखाली पार्किंगच्या पावत्या फाडतो. अजूनही आकाशाकडे बघतो, पण ‘आज नको’ म्हणायची त्याला परवानगी नाही.

गावी परतल्यावर तुमची रील बघून कुणीतरी नक्की म्हणेल, ‘आपल्याकडंबी असं केलं पाहिजे.’ जायकवाडीच्या नाथसागराचं नाव आधी निघेल. साडेतीनशे चौरस किलोमीटरचं पाणी डोळ्यांत भरतंच. पण तो १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे आणि पक्ष्यांकडून टोकनचे पैसे निघत नाहीत. तेव्हा गावचा पाझर तलावच धरा. आधी कमान, मग पार्किंग, मग लाल अक्षरं, मग बदाम. ग्रामसभेत ‘पाणी कुठंय?’ असं कुणी विचारलं तर तो दुसऱ्या टप्प्यातला विषय आहे असं सांगावं. निविदा मात्र एप्रिलच्या आत निघाली पाहिजे. तळं कोरडं असलं की पेव्हर ब्लॉक बसवायला सोपे जातात.